गावाचे वय आणि नवा धंदा

माणसाचे वय आपण विचारतो. बैलाचे वय दात पाहून ओळखतो. पण गावालाही वय असते, हे तुम्ही कधी ऐकले आहे का?

गाव केव्हा वसले, ते मी विचारत नाही. गावात राहणाऱ्या माणसांच्या वयाबद्दल मी बोलतो आहे. एखाद्या गावात लेकरे जास्त असतात. एखाद्या गावात कमावती, तरणी माणसे जास्त असतात. आणि एखाद्या गावात पाहावे तर पारावर बसलेली म्हातारी माणसेच जास्त. या वयाचा आणि गावात निघणाऱ्या नव्या धंद्यांचा जवळचा संबंध आहे. तो कसा, ते आज पाहू.

गावाचे वय कसे मोजावे?

पाटी घ्या. तिच्यावर उभ्या दोन रेघा ओढा. तीन रकाने झाले. पहिल्यात १५ वर्षांच्या आतली मुले लिहा. दुसऱ्यात १५ ते ५९ वर्षांची माणसे लिहा. तिसऱ्यात साठ आणि साठीच्या पुढची. आपल्या गल्लीतल्या दहा घरांची अशी मोजदाद करा. तुमच्या गल्लीचे वय तुम्हाला कळेल.

सरकार साधारणपणे दर दहा वर्षांनी खानेसुमारी करते. तिच्यात साऱ्या देशाची अशीच मोजदाद होते. १९७१ साली आपल्या देशात दर १०० माणसांत ४२ जण १५ वर्षांच्या आतले होते. साठीच्या पुढचे होते फक्त ६. म्हणजे घरोघर लेकरांचा गलबला होता.

२०११ साली काय दिसले? १०० मध्ये लेकरे ३१ वर आली. साठीच्या पुढचे आठ-नऊ झाले. आणि २०३६ साली साठीच्या पुढचे १०० मध्ये सुमारे १५ असतील, असा सरकारी अंदाज आहे.

असे का झाले? कारण साधे आहे. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास एका बाईला सरासरी सहा मुले होत. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघर पाहणी केली. तिच्यात देशाची सरासरी दोन निघाली. महाराष्ट्राची तर दोनाच्याही खाली, १.७ निघाली. शिवाय औषधपाणी सुधारले, माणसे जास्त जगू लागली. पाळणे कमी झाले आणि काठ्या वाढल्या. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण त्यामुळे देशाचे वय वाढत चालले आहे.

देशाचे वय एका आकड्यातही सांगता येते. समजा, देशातील सगळ्या माणसांना वयाप्रमाणे एका रांगेत उभे केले. सर्वांत लहान एका टोकाला, सर्वांत म्हातारा दुसऱ्या टोकाला. आता रांगेच्या बरोबर मध्ये जो उभा आहे त्याचे वय विचारा. आपल्या देशात तो मधला माणूस सुमारे २८-२९ वर्षांचा निघतो. जपान देशात तो सुमारे ४९ वर्षांचा निघतो. आपण तरणे, जपान वयस्क.

धंदा काढायला काय लागते?

तुम्ही म्हणाल, "पैसा लागतो, मास्तर!" खरे आहे. पण पैसा असून धंदा न काढणारे पुष्कळ आहेत. पैशाबरोबर आणखी दोन गोष्टी लागतात. एक धडाडी, दुसरी जाण.

धडाडी म्हणजे "बुडालो तर बुडालो, पुन्हा उभा राहीन" असे म्हणण्याची ताकद. ती तरुणपणी जास्त असते. पंचविशीच्या माणसाचे चार वर्षांचे कष्ट वाया गेले, तरी त्याच्यापुढे उभे आयुष्य असते. साठीच्या माणसाची पुंजी बुडाली तर तो पुन्हा केव्हा मिळवणार? म्हणून तो जपून पाऊल टाकतो. त्यात त्याची चूक नाही.

जाण म्हणजे धंद्याची माहिती. माल कोठून घ्यावा, कोणाला विकावा, उधारी कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, गड्याशी कसे बोलावे, हिशेब कसा ठेवावा. ही जाण पुस्तकात थोडी मिळते. बाकीची काम अंगावर पडल्यावरच येते. त्याला वर्षे लागतात.

आता गंमत पाहा. वय वाढते तशी जाण वाढते आणि धडाडी ओसरते. विशीत हिंमत असते, पण हात कच्चा असतो. साठीत हात पक्का असतो, पण हिंमत होत नाही. दोन्ही गोष्टी पुरेशा असतात त्या तिशी-चाळिशीत. अमेरिकेत विद्वानांनी याचा हिशेब मांडला, तो २०२० साली छापून आला. नोकरचाकर ठेवून नवा धंदा काढणाऱ्यांचे सरासरी वय तेथे ४२ निघाले. जे धंदे फार झपाट्याने वाढले, ते काढणारे सरासरी ४५ वर्षांचे होते.

आपल्याच मुलखातले उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. ते मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिकवीत. बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले. त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले. मग कडबा कापण्याची यंत्रे केली, लोखंडी नांगर केला. प्रथम शेतकरी तो नांगर घेईनात. तरी त्यांनी सोडले नाही. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेव्हा लक्ष्मणरावांनी चाळिशी गाठली होती. शिकवणे, दुरुस्ती, दुकान, ओतकाम, विक्री, इतकी कामे हातून गेल्यावर मोठा कारखाना उभा राहिला.

खुर्ची केव्हा मिळते?

आता खरा मुद्दा ऐका. तो नीट ध्यानात घ्या.

लियांग, वांग आणि लेझिअर अशा तीन विद्वानांनी अनेक देशांची माहिती जमवली. त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या देशात तरुण जास्त, तेथे नवे धंदे जास्त निघतात, असे त्यांना दिसले. यात नवल नाही. नवल पुढे आहे. वयस्क देशात तिशीचा तरुण घेतला आणि तरण्या देशातही तिशीचाच तरुण घेतला, तरी वयस्क देशातला तरुण धंदे कमी काढतो. वय दोघांचे सारखेच. मग फरक का पडावा?

फरक खुर्चीमुळे पडतो. कसा, ते पाहा.

एका कारखान्यात समजा दहा माणसे आहेत. देश तरणा असेल तर त्यांत आठ तरुण आणि दोनच वयस्क असतील. कारखाना वाढला, नवीन खाते उघडले, तर त्याचा मुकादम कोणाला करायचे? वयस्क माणसे पुरत नाहीत. मग तिशीच्या तरुणालाच खुर्चीवर बसवावे लागते. तो माल मागवतो, माणसे सांभाळतो, गिऱ्हाइकाशी बोलतो. पाच वर्षांत तो सगळे शिकतो. पस्तिशीला त्याच्याजवळ जाणही असते आणि धडाडीही असते. तो म्हणतो, "आता आपले स्वतःचे काढू."

देश वयस्क असेल तर दहांत सहा जण पन्नाशीच्या पुढचे असतील. वरच्या खुर्च्या सगळ्या भरलेल्या. तिशीचा तरुण त्यांच्या मागे रांगेत उभा. तो वीस वर्षे एकच यंत्र चालवतो. त्याला खुर्ची मिळते तेव्हा त्याचे केस पिकलेले असतात. जाण आली, पण तोवर धडाडी गेली. जपान हा अशा देशाचा मोठा दाखला आहे. तेथे आज दर १०० माणसांत सुमारे २९ जण पासष्ट वर्षांचे किंवा त्याहून मोठे आहेत.

म्हणजे तरुण किती आहेत, एवढेच पाहून भागत नाही. तरुणाला जबाबदारी किती लवकर मिळते, तेही पाहावे लागते.

आपल्या जिल्ह्यात काय झाले?

आपले शहर आज छत्रपती संभाजीनगर. २०२३ पर्यंत त्याला औरंगाबाद म्हणत. १९४८ साली मराठवाडा निजामाच्या राज्यातून मोकळा झाला. तेव्हा येथे हिमरू विणणारे होते, पैठणला पैठणी विणणारे होते, मोंढ्यात आडते होते. यंत्रांचे कारखाने फार थोडे होते. पण शिक्षणाच्या सोयी होऊ लागल्या. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने येथे महाविद्यालय काढले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले. १९६० साली सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याने रेल्वे स्टेशन, चिकलठाणा, पुढे वाळूज आणि शेंद्रा येथे कारखान्यांसाठी जागा तयार केल्या.

१९८५ साली वाळूजला बजाज कंपनीचा कारखाना सुरू झाला. स्कूटर, मोटारसायकल आणि रिक्षा म्हणजे शेकडो सुटे भाग. एकच कारखाना ते सगळे करीत नाही. पुष्कळसे बाहेरून घेतो. म्हणून त्याच्या आसपास सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले.

त्याच १९८५ साली अनुरंग जैन या तरुणाने येथे ॲल्युमिनिअमचे भाग ओतण्याची दोन यंत्रे घेऊन काम सुरू केले. त्यांचे वय तेव्हा पंचविशीच्या आतले होते. त्यातून एंड्युरन्स ही मोठी कंपनी झाली. त्यांचे जुळे बंधू तरंग जैन यांनी १९८८ साली व्हॅरॉक ही कंपनी स्थापन केली. खरे ते सांगितले पाहिजे. बजाज कंपनीचे राहुल बजाज हे या दोघांचे मामा. गिऱ्हाईक घरचे होते. सगळ्यांना असा मामा नसतो. पण विशीतल्या भाच्यांवर जबाबदारी टाकायला मोठी माणसे तयार झाली, हेही तितकेच खरे.

आता ज्याला असा मामा नव्हता त्याची गोष्ट ऐका. माझा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. घरी चार एकर कोरडवाहू. तो आयटीआयमध्ये टर्नरचे काम शिकला आणि वाळूजच्या एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर लागला. वर्कशॉप नवे होते. मालक आणि सहा पोरे. जुने जाणते कोणी नव्हतेच. त्यामुळे पोराला लेथ सोडून लोखंड आणायला जावे लागे. चलन लिहावे लागे. गिऱ्हाइकाने माल परत पाठवला तर जाऊन बोलणी खावी लागत. तो कुरकुर करी, "सर, मी टर्नर हाय का हमाल हाय?" मी म्हणालो, "बाबा रे, तू फुकट शिकतो आहेस. शीक."

चौतिसाव्या वर्षी त्याने भाड्याने शेड घेतली. जुनी लेथ घेतली. बायको दहावी झालेली. ती हिशेब आणि बिले पाही. आज त्याच्याकडे अकरा माणसे कामाला आहेत. मोठ्या कारखान्यात वीस वर्षे तो एकाच लेथवर राहिला असता, तर त्याला हे जमले नसते, असे तो स्वतःच म्हणतो.

आमच्या घरची गोष्ट

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगताना मला बरे वाटत नाही. पण सांगतो.

आमच्या वडिलांचे गावात किराणा दुकान होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक झालो आणि मास्तर झालो. माझे थोरले भाऊ दुकानात राहिले. दादा सोळाव्या वर्षी तागडीपाशी उभे राहिले. माप देण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. पण गल्ल्याच्या चाव्या आप्पांच्या करगोट्याला. उधारीची वही आप्पांच्या गादीखाली. मोंढ्यात खरेदीला आप्पा एकटे जात. दादा एकदा म्हणाले, "आप्पा, मी बी येतो." आप्पा म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं? तू माप दे."

दादांचे लग्न झाले, मुले झाली, केस पांढरे झाले. तरी ते मापच देत होते. गावात पिठाची गिरणी नव्हती, ती टाकावी असे त्यांच्या मनात होते. आप्पा "पाहू" म्हणाले. पुढे दुसऱ्याने गिरणी टाकली.

आप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा चाव्या दादांना मिळाल्या. दादांचे वय तेव्हा ५२. मोंढ्यातले व्यापारी त्यांना ओळखत नव्हते. कोणाचा भाव खरा, कोणाचा खोटा, त्यांना कळत नव्हते. दोन दिवाळ्या गेल्या आणि दुकान बंद झाले. लोक म्हणाले, बापाने कमावले, लेकाने घालवले. ते खरे नाही. दादा आळशी नव्हते, उधळे नव्हते. त्यांना शिकण्याच्या वयात शिकू दिले नाही, एवढेच.

आणि मी तरी काय केले? मुख्याध्यापक झाल्यावर शाळेचे सगळे कागद मीच लिहायचो. तरुण शिक्षक विचारीत, "सर, मी करू का?" मी म्हणायचो, "राहू द्या, चूक होईल." मी निवृत्त झालो, तेव्हा त्यांची किती धांदल झाली ते मी पाहिले. आप्पांची चाव्यांची खोड माझ्याही हाती आली होती.

मग आपण काय करावे?

आज आपला देश तरणा आहे. पण हा तरणेपणा कायमचा नाही. पाळणे कमी झाले आहेत, हे आपण वर पाहिले. आज जी मुले शाळेत आहेत, ती चाळिशीला पोचतील तेव्हा त्यांच्या वर म्हाताऱ्यांची मोठी फळी असेल. शिवाय खेड्याचेही वय वाढते. कारण तरणी पोरे वाळूजला, पुण्याला जातात आणि गावात म्हातारी माणसे उरतात. म्हणून जे करायचे ते या वीस-पंचवीस वर्षांत केले पाहिजे.

मोठ्या माणसांसाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली. घरच्या धंद्यातले, शेतीतले एक तरी काम तरुणाच्या हाती पूर्ण सोपवा. खरेदी, विक्री आणि हिशेब, तिन्ही त्याचे त्याला करू द्या. शेळ्या असोत, भाजीपाला असो, पिठाची गिरणी असो.

दुसरी. लहान नुकसान सोसा. पाचशे रुपये बुडाले तर ती शिकवणीची फी समजा. आज पाचशेला शिकला नाही, तर उद्या पाच लाखांना शिकेल.

तिसरी. वही उघडी ठेवा. आता तुम्हाला लिहिता-वाचता येते. उधारी, देणे, व्यापाऱ्यांची नावे वहीत लिहा आणि वही घरातल्या सगळ्यांना दाखवा. जे डोक्यात ठेवाल, ते तुमच्याबरोबर जाईल.

चौथी. सुनेला आणि लेकीला विसरू नका. बचत गटात हिशेब लिहिणारी बाई घरात मात्र मीठ-मिरचीपुरतीच विचारली जाते. पस्तिशीला तिची मुले मोठी झालेली असतात. धंदा काढायला ते नामी वय आहे.

आता तरुणांना दोन शब्द. नोकरी करा, पण एकाच यंत्राला चिकटून राहू नका. शेजारचे काम शिका. चलन, बिल, भाव, माल, सगळ्यांची थोडी थोडी ओळख करून घ्या. ज्याला सगळ्यातले थोडे कळते, तोच पुढे मालक होतो. पैशासाठी सावकाराचे दार आधी ठोठावू नका. २०१५ सालापासून मुद्रा योजना आहे. तिच्यात लहान धंद्याला बँक तारणावाचून कर्ज देते. बँकेत स्वतः जा, स्वतः अर्ज वाचा, मग सही करा. कर्ज फेडावे लागते, हेही विसरू नका.

आणि म्हातारपण म्हणजे अडगळ, असे मुळीच समजू नका. जुन्या माणसाची पत, ओळख आणि शब्द यांना बाजारात मोल असते. लेकाला मोंढ्यात बरोबर घेऊन जा. व्यापाऱ्याला सांगा, "हा माझा मुलगा. आजपासून खरेदी हा करील." एवढे एक वाक्य आप्पा बोलले असते, तर आमचे दुकान आज चालू असते.

आता पाटी पुन्हा हातात घ्या. तीन रकाने तुम्ही केले आहेत. मधल्या रकान्यातली २५ ते ४५ वर्षांची माणसे पाहा. त्यांतल्या ज्याच्या हाती खरेदीची, पैशाची किंवा हिशेबाची जबाबदारी आहे, त्याच्या नावापुढे खूण करा. बाकीच्यांची नावे मोजा. त्यांत तुमच्या घरातले कोणी आहे का, ते पाहा. असेल तर काय करायचे, ते मी सांगायला नको.